सोमवारी एलिफंटा बंद असते

आपल्या जिल्ह्यातला माणूस मुंबईला कशासाठी जातो, जरा आठवून बघा. घरात कुणाला गाठ निघाली आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी "एकदा परळला टाटाला दाखवून घ्या" म्हटलं, की जातो. मंत्रालयात फाइल अडकली की जातो. पोराचा इंटरव्ह्यू असला की जातो, आणि हल्ली पोराला विमानात बसवून द्यायला जातो. सहज म्हणून कुणी जात नाही. चुकून गेलाच, तर परत आल्यावर पानठेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "काय काम होतं जी?"

"काही नाही, फिरायला गेलो होतो," हे उत्तर कॉलेजातल्या पोरांनी दिलं तर चालतं. पन्नाशीच्या जोडप्यानं दिलं तर ऐकणारा आधी गप्प होतो, मग हसतो. फिरायला? अन् दोघंच? लग्नानंतरच्या पंधरा दिवसांत शेगाव-माहूर उरकलं की आपल्याकडे नवरा-बायकोचं फिरणं संपतं. त्यानंतर फक्त देवदर्शन, तेही अख्खी क्रूझर भरून, मागच्या सीटवर दोन मावश्या आणि एक ओकणारं पोरगं.

माझं मत विचाराल तर आपल्या आई-बाबांच्या वाट्याला निदान एक दिवस असा यायला हवा की ज्या दिवशी कुणाचंच काम नाही आणि हातात यादीही नाही. यातला पहिला भाग मला आधीपासून पटलेला होता. दुसरा भाग उशिरा कळला, कारण यादी करणारी मीच होते!

झालं असं. गेल्या सप्टेंबरात दादा एम.एस.साठी जर्मनीला गेला. विमान सोमवारी पहाटेचं. आई-बाबा त्याच्यासोबत रविवारी वर्ध्याहून दिवसाची गाडी पकडून रात्री मुंबईत उतरले आणि टॅक्सीनं थेट विमानतळावर गेले. परतीचं तिकीट सोमवार संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसचं. म्हणजे पहाटे दादा आत गेला, की संध्याकाळपर्यंत अख्खा दिवस मोकळा. दोघांनीही त्याआधी मुंबई कधी पाहिली नव्हती. बाबा पांढरकवड्याला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितात. आईनं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला.

माझी सेशनल चालू होती, त्यामुळे मी इथंच हॉस्टेलवर. पण इंजिनिअरिंगला असलेली माणसं मोकळा दिवस मोकळा सोडतील तर शपथ! मी एक्सेलमध्ये तक्ता केला. वेळ, ठिकाण, कशानं जायचं, किती मिनिटं. साडेनऊला गेटवे, दहाला एलिफंटाची बोट, अडीचला म्युझियम, साडेचारला मरीन ड्राइव्ह (वीस मिनिटं), सहाला सीएसएमटी. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचा 'बफर टाइम' सुद्धा! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याची खूण म्हणून सगळं इंग्रजीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. खरं सांगायचं तर माझा एक छुपा हिशेबही होता. आई पाच मिनिटंही रिकामी बसली तर दादाच्या आठवणीनं रडेल. तिला पळतं ठेवलं की रडायला वेळच मिळणार नाही.

पुढचं सगळं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. थोडं फोनवर, थोडं घरी गेल्यावर आणि थोडं अजून कळतंच आहे.

विमानतळावर दादाची बॅग वजनात जास्त भरली. बाहेरच बॅग उघडून लोणच्याची बरणी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं रात्री जागून केलेल्या चकल्या काढल्या आणि एका कापडी पिशवीत भरून बाबांच्या खांद्यावर दिल्या. दादा आत गेला. हे दोघं उजाडेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर बसून राहिले. मग रिक्षानं अंधेरी स्टेशन, तिथून लोकल. कुठं उतरायचं ते न कळून गाडी जिथं संपते तिथं, म्हणजे चर्चगेटला उतरले. बाबांनी एका पेपरवाल्याला विचारलं, "भाऊ, समुद्र कोणीकडं हाय?"

तो म्हणाला, "कोणता पाहिजे?"

मला हा प्रश्न फार आवडला. मुंबई तिथं इतकी चिंचोळी आहे की पश्चिमेला चालत गेलात तर मरीन ड्राइव्हचा मोकळा समुद्र आणि पूर्वेला गेलात तर बंदर. नकाशात मी शंभरदा पाहिलं असेल, पण 'कोणता पाहिजे' असं विचारावं लागतं हे नकाशा सांगत नाही. बाबा म्हणाले, "जवळचा."

तर माझ्या तक्त्यात साडेचार वाजता वीस मिनिटं असलेलं मरीन ड्राइव्ह त्यांनी सकाळी साडेसातलाच गाठलं आणि तिथं दोन तास बसले. काय केलं दोन तास? काही नाही. आई आधी खूप रडली. बाबा काही बोलले नाहीत. मग पाऊस आला, मग गेला. मग आई म्हणाली, "एवढं पाणी अन् एक घोट प्यायचं नाई." त्यावर दोघंही हसले म्हणे. मी त्याच वेळी मेसेज टाकत होते, 'रीच्ड गेटवे?' नऊ पंचविसाला पुन्हा, नऊ पस्तिसाला पुन्हा. आता विचार करते तेव्हा लाज वाटते. माझ्या तक्त्यात रडायला रकानाच नव्हता.

तिथून ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत, विचारत विचारत ते गेटवेला पोचले. आणि तिथं कळलं की सोमवारी एलिफंटा बंद! पांढरकवड्याच्या बाबांना हे माहीत नसणं समजू शकतं. पण दोन रात्री बसून तक्ता करणाऱ्या मला साप्ताहिक सुट्टी बघायचं सुचू नये? इनपुटच चुकीचं, तर आउटपुट काय कपाळ येणार! फोनवर मी म्हटलं, "मग म्युझियमला जा लगेच, वेळ वाया घालवू नका." बाबा म्हणाले, "पाहून घेऊ न बेटा, तू कायले टेन्शन घेतं?" आणि फोन बंद. बॅटरी संपली. आईचा फोन तर घरीच चार्जिंगला लावलेला राहिला होता.

तसं पाहिलं तर गेटवेची आणि वेळापत्रकाची जुनीच दुश्मनी आहे. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथं उतरला त्याच्या स्मरणार्थ ही कमान. पण राजा आला तेव्हा दगडी कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ ला आणि बांधून पुरी झाली १९२४ ला. राजाच्या स्वागताची म्हणून बांधली आणि लक्षात राहिली ती निरोपासाठी, २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली म्हणून.

इकडे माझी हालत विचारू नका. साडेपाच तास फोन लागेना. आणि डोक्यात एकच, १८ डिसेंबर २०२४. त्या दिवशी गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती आणि कितीतरी माणसं गेली होती. एलिफंटा बंद आहे, ते बोटीत बसणारच नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण ते बोटीतच होते!

गेटवेवर एका बोटवाल्यानं सांगितलं, "फिरायचंच असेल तर भाऊच्या धक्क्यावर जा. तिथून मोऱ्याला लाँच जाते, साध्या माणसांची." बाबांनी विचारलं, "कोणता भाऊ?" (हे भाऊ म्हणजे एकोणिसाव्या शतकातले भाऊ अजिंक्य. त्यांनी हा धक्का बांधला म्हणून तो भाऊचा. कोकणातले चाकरमानी वर्षानुवर्षं इथूनच आगबोटीनं गावी जायचे. रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, तीही इथूनच सुटलेली. बरं झालं हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.) दोघं बसनं धक्क्यावर गेले. मासळीचा वास, बर्फ, टोपल्या, आरडाओरडा. आई माळकरी, तिनं पदर नाकाला लावला. पण परत फिरू म्हणाली नाही.

लाँचनं मोरा, म्हणजे उरणचं बंदर, तासाभरावर. वाटेत नांगर टाकून उभी राहिलेली जहाजं, आमच्या गावच्या जिनिंगपेक्षा मोठी. लांब उत्तरेला २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. आणि एका बाजूला हिरवा डोंगर. शेजारच्या बाईनं सांगितलं, "ती घारापुरी." म्हणजेच एलिफंटा! बंद असलेली एलिफंटा आईनं अशी बाहेरून पाहिली. त्या बाई उरणच्या, मुंबईला मासे विकून परत चाललेल्या. त्यांनी विचारलं, "फिरायला आलात का?" आई गडबडून म्हणाली, "नाई नाई, पोराले सोडाले आलतो." जणू फिरायला आलो म्हटलं असतं तर पोलीस पकडणार होते.

मोऱ्याला उतरले आणि परत निघायला गेले तर लाँच नाही. ओहोटी. तिथं गाळ आहे, पाणी उतरलं की बोट धक्क्याला लागत नाही. "कधी सुटेल?" "पाणी चढलं की." माझ्यासारखीनं डोक्यावर हात मारला असता. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे आपण शाळेत भूगोलात पाठ केलं, चंद्राच्या आकृतीसकट पाच मार्कांना लिहिलं. पण त्या पन्नास मिनिटांसाठी धक्क्यावर बसून कोण राहिलंय? हे दोघं राहिले. बाबांनी खांद्यावरची पिशवी उघडली. जर्मनीला जायचा चिवडा, जर्मनीला जायच्या चकल्या. शेजारी बसलेल्यांनाही वाटल्या. आईनं दादाला सोडून कित्येक दिवसांत स्वतः काही खाल्लं नव्हतं, ते तिथं खाल्लं. मला हे सांगताना ती म्हणाली, "चकल्या बऱ्या झाल्या होत्या वं."

परतीची गोष्ट तर आणखी भारी. धक्क्यावरून विचारत डॉकयार्ड रोड स्टेशनला आले. तिथून सीएसएमटी दोन-तीन स्टेशनांवर. पण बाबांचं लक्ष फलाटावर लावलेल्या स्टेशनांच्या यादीकडे गेलं. 'कॉटन ग्रीन'. ते आईला म्हणाले, "अवं, हे पाय, कापसाचं टेशन!" आणि गाडीला तीन तास आहेत म्हणून दोघं उलट्या दिशेच्या लोकलमध्ये चढले. निव्वळ नाव वाचून!

इथं मला थोडं थांबायचंय, कारण हे स्टेशन माझ्या तक्त्यात शंभर वर्षांत आलं नसतं. कुठल्याच 'मुंबई दर्शन'मध्ये ते नसतं. पण यवतमाळच्या माणसानं मुंबईत काय पाहावं, तर माझ्या मते गेटवेच्या आधी हे. आपली शकुंतला आठवते ना? यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची नॅरोगेज. आपल्याला ती रील्समधली गोड आगगाडी म्हणून माहीत, आता बंद पडलेली. पण इंग्रजी कंपनीनं ती आपल्या सोयीसाठी थोडीच टाकली होती! इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या रुळावर मुंबई बंदरात आणि तिथून बोटीनं मँचेस्टरकडे, यासाठी ती होती. कापसाचा बाजार आधी कुलाब्याकडे भरायचा. १९२० च्या दशकात तो शिवडीजवळ या कॉटन ग्रीनला आला. गाठींची गोदामं आणि कॉटन एक्स्चेंजची ती मोठी इमारत अजून उभी आहे.

याहून मागे जायचं तर १८६१ ते १८६५. अमेरिकेत यादवी चालू, तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव. त्या पैशानं मुंबई फुगली आणि युद्ध संपताच १८६५ ला फुटली. त्या दिवसांत कापसाच्या व्यापारातला बडा माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा राहिला, १८७८ मध्ये. सकाळी ओव्हलच्या कडेनं जाताना बाबांनी त्याच टॉवरच्या घड्याळात वेळ पाहिली होती! तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. ते कॉटन ग्रीनला उतरले म्हणून मी शोधलं. नाहीतर मी कंपन्यांचे पॅकेज पाठ करणारी मुलगी, मला कापसाचं काय?

बाबांनी उभ्या आयुष्यात किती गाठी लिहिल्या असतील. एक गाठ १७० किलोची. रोज वहीत इतक्या गाठी, अमुक ट्रक. जुन्या लोकांकडून 'मुंबईला गेल्या' हे शब्द ऐकलेले. कुठं गेल्या ते पन्नास वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्या भिंतींच्या कडेनं ते नुसते चालत राहिले. एका गोदामाच्या फाटकावरच्या वॉचमननं हटकलं, "काय पाहिजे? कुणाकडं काम आहे?" बाबा कागद शोधत असल्यासारखे खिसे चाचपायला लागले. उत्तर आईनं दिलं.

"काई काम नाई. पाह्यले आलो."

वॉचमन निघाला बुलढाण्याचा. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि फोन चार्जिंगला लावून दिला. तेव्हा कुठं सव्वाचारला मला फोन आला. मी काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका दिवसाच्या गमतीवरून एवढं भाषण कशाला? माझी रूममेट तर म्हणाली, "बिनाप्लॅनचं फिरणं हे पैसेवाल्यांचे चोचले. ज्यांना एकदाच जायचंय त्यांनी सगळं बघून घ्यायला नको?" मला हा मुद्दा आधी पटला होता. मग हिशेब केला. लोकल, बस, लाँच, चहा आणि घरचं खाणं, एवढाच त्या दिवसाचा खर्च. माझ्या तक्त्यातल्या टॅक्सींचाच त्याहून जास्त झाला असता. आणि 'सगळं' म्हणजे काय? आपलीच इंडस्ट्रिअल व्हिजिट आठवा. दोन दिवसांत अकरा ठिकाणं. गेटवेला पंचवीस मिनिटं, त्यातली पंधरा ग्रुप फोटोत, कारण कुणीतरी डोळे मिटले होते. मी त्या व्हिजिटला होते. पण भाऊच्या धक्क्याचा वास मला आईकडून कळला.

मान्य, काही गोष्टी ठरवलेल्याच हव्यात. परतीचं तिकीट कन्फर्म हवं, बाबांची बीपीची गोळी खिशात हवी, फोन चार्ज हवा (दोन्ही!), आणि बोटीत लाइफ जॅकेट आहे का ते पाहायलाच हवं. आणि हेही मान्य की वीस वर्षांची मी अशी एकटी नाव वाचून कुठल्याही स्टेशनवर उतरले असते, तर हीच आई माझ्यावर किती ओरडली असती. त्याबद्दल तिच्याशी माझं भांडण बाकी आहे. ते वेगळ्या अंकात.

पण आपण, शिकलेली पोरं, आई-बाबांना फिरायला पाठवतो ते प्रोजेक्ट सबमिशनसारखं. त्यांनी फोटो पाठवायचे, आपण टिक मारायची, स्टेटसला ठेवायचे. तिथंही ते आपल्याच कामाला लागलेले असतात. आयुष्यभर आपल्या फिया, आपल्या परीक्षा, आपले पासपोर्ट, आणि मुंबईतला एकुलता एक मोकळा दिवसही आपल्याच तक्त्याप्रमाणे! माझा फोन त्या दिवशी लागला असता, तर मी त्यांना बरोबर अडीचला म्युझियमच्या रांगेत उभं केलं असतं. बाबांची बॅटरी संपली हे त्यांचं नशीब.

विदर्भ एक्स्प्रेसनं ते मंगळवारी सकाळी धामणगावला उतरले. पांढरकवड्याला पोचल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "गेला का पोरगा? मग दिवसभर काय केलं?" आई म्हणाली, "दोघं जण फिरलो." काकू हसल्या म्हणे. आईनं हसू दिलं.

परवा दिवाळीच्या सुट्टीत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते घारापुरी उघडं असते तेव्हा आतून कसं काय दिसते. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही. मी लॅपटॉपकडे हात नेला, तर दोघंही एकदम ओरडले, "यादी नको!"

म्हटलं, बरं. फक्त सोमवारी जाऊ नका.